दहा बाय सहाचे खोटे

मी एक जुना फ्लेक्स आहे. मित्रांनो, छत्रीने, पाटीने, मोडक्या सायकलीने आपापली जीवनकथा तुम्हांला याआधी सांगितली असेल आणि ती ऐकून तुमचे डोळे पाणावले असतील. माझी कथा ऐकून तुम्ही डोळे पुसावेत अशी माझी इच्छा नाही. मला राग आला आहे. तीन वर्षांत माझे रंग उडाले, कडा फाटल्या, चारही कोपऱ्यांच्या रिंगा निखळल्या. राग तेवढा ताजा राहिला. तो आत ठेवून ठेवून मी थकलो, म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या एका बोळात झाला. तिथे सिद्धाराम नावाच्या गृहस्थाचे छपाईचे दुकान होते. दुकान कसले, शाईच्या वासाने भरलेली एक लांबट खोली. तिच्या एका टोकाला संगणक आणि दुसऱ्या टोकाला छपाईचे यंत्र. त्या यंत्रावर मी एका लांबलचक पांढऱ्या गुंडाळीच्या रूपात पडून होतो. अंगावर एकही अक्षर नसणे ही फार शांत अवस्था असते. त्या शांततेत मी माझ्या पुढे गेलेल्या तुकड्यांचे नशीब पाहत असे. एकावर कोणाचा तरी वाढदिवस छापला गेला. दुसऱ्यावर साड्यांची सवलत. तिसऱ्यावर अशा एका नेमणुकीचे अभिनंदन, की जी नेमणूक झाल्याचे नेमणूक झालेल्यालाही नीट ठाऊक नव्हते. माझी पाळी जवळ येऊ लागली तेव्हा मी मनाशी एवढेच म्हणत होतो, की काहीही छापा, पण ते खरे असू द्या.

म्हणून ऑगस्टमधल्या त्या सकाळी दुकानात जे बोलणे माझ्या कानी पडले, त्याने मला किती आनंद झाला, ते कसे सांगू? गल्लीतला एक मुलगा पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात निघाला होता. राजस त्याचे नाव. त्याचे वडील शाळेत शिक्षक, मितभाषी. घरातले सगळे बोलणे काकांचे, म्हणजे गोपाळकाकांचे. गल्लीच्या मंडळाचे ते सल्लागार. त्यांनीच फ्लेक्सची कल्पना काढली होती आणि पुतण्याला बरोबर घेऊन ते दुकानात आले होते. शिक्षणासाठी दूर जाणाऱ्या मुलाचे कौतुक आपल्या अंगावर छापले जाणार! मी कोरेपणीच अभिमानाने ताठ झालो.

राजसने दिलेला फोटो सिद्धारामने पडद्यावर उघडला. तो कॉलेजच्या प्रदर्शनात काढलेला होता. मधोमध एक टेबल, त्यावर जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र, आणि यंत्राच्या मागे दोन तरुण. डावीकडे उंच, चष्मा लावलेला राजस. उजवीकडे त्याच्याहून थोडा बुटका, चौकटीचा शर्ट घातलेला, फोटोत हसायचे असते हे उशिरा आठवल्यासारखा एक मुलगा. त्याचा हात राजसच्या खांद्यावर होता. त्या हाताच्या अंगठ्याशी भाजल्याचा एक लांबट डाग होता. त्याचे नाव गुरु.

"ह्यो दुसरा कोण ओ?" सिद्धारामने विचारले.

"मित्र आहे याचा. मैंदर्गीचा," गोपाळकाका म्हणाले. "त्याला काढा."

"दोघांनी मिळून केलंय वाटतं की हे यंत्र. मधी ठेवून फोटो काढलाय."

"अहो, परदेशी कोण चाललंय? खाली अठरा शुभेच्छुक बसवायचेत मला. ह्याला ठेवला तर अध्यक्षांचा फोटो कुठं घालू, डोक्यावर?"

सिद्धाराम हसला नाही. त्याने मान वळवून राजसकडे पाहिले आणि विचारले, "काय करू? काढू का?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. राजस दाराशी उभा होता आणि मोबाइलच्या पडद्यावरून बोट फिरवत होता. तो हो म्हणाला नाही. तो नाहीही म्हणाला नाही. त्याने बोट फिरवायचे थांबवले, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग पुन्हा बोट फिरवू लागला. सिद्धारामने ते हो समजले. गोपाळकाकांनी तर ते विचारण्याआधीच समजले होते.

नंतर काकांनी मजकूर सांगितला आणि सिद्धारामने तो टंकला: 'स्वतः एकट्याने तयार केलेल्या यंत्राच्या बळावर जर्मनीतील विद्यापीठात निवड झाल्याबद्दल चि. राजस याचे हार्दिक अभिनंदन.' अखेर सिद्धारामने सांगितले, की मुलगा निघाला, पण खांद्यावरचा हात निघत नाही. तो पुसला तर खालचा शर्ट नीट जुळवत बसावे लागेल, त्यात अर्धा तास जाईल.

"राहू दे हात," काका म्हणाले. "हाताकडं कोण बघतंय?"

आणि मग यंत्राचे डोके माझ्यावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावू लागले. इंचाइंचाने माझ्या अंगावर एक खोटे उमटत गेले. दहा फूट रुंद, सहा फूट उंच. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. फ्लेक्सला तोंडे पुष्कळ असतात, माझ्यावर तर एकोणीस होती. पण त्यांतले एकही त्याच्या स्वतःच्या मालकीचे नसते.

मंगळवारी सकाळी मला गल्लीच्या तोंडावर दोन खांबांच्या मध्ये बांधण्यात आले. माझी स्तुती झाली, हे मी लपवणार नाही. येणारेजाणारे थांबून वाचत. रिक्षावाले वेग कमी करत. माझ्यासमोर उभे राहून लोकांनी फोटो काढले आणि ते संध्याकाळपर्यंत शेकडो मोबाइलांवर पोहोचले. 'एकट्याने केलं म्हणे' हे शब्द मी त्या दिवशी इतक्या वेळा ऐकले, की ते माझ्यावर छापलेले नसते तर मलाही खरे वाटले असते.

सत्य काय होते, ते मला तिथेच टांगलेल्या अवस्थेत तुकड्यातुकड्याने कळले. माझ्या खालीच चहाची गाडी होती, आणि चहाच्या गाडीजवळ माणसे काहीही झाकून ठेवत नाहीत. राजस आणि गुरु चार वर्षे एका बाकावर शिकले. सोलापूरच्या जुन्या यंत्रमागांवर धागा तुटला तरी माग चालूच राहतो, आणि कामगाराच्या लक्षात येईपर्यंत हातभर टॉवेल वाया जातो. धागा तुटताक्षणी माग थांबवील असे स्वस्त यंत्र करायचे, ही कल्पना राजसची. आकृती आणि संगणकाचा भाग त्याचा. पण ते यंत्र प्रत्यक्ष मागावर टिकवले गुरुने. अडीच वर्षे तो कारखान्यांतून फिरला, कामगारांच्या शेजारी उभा राहिला, त्यांच्याकडून तेलुगूतले चार शब्द आणि मागाच्या चाळीस खोडी शिकला. कापसाच्या धुरळ्याने यंत्र सारखे फसत असे. त्यावरचा उपाय त्याने शोधला. त्यांतल्या एका दुपारी तारा जोडताना त्याच्या अंगठ्याशी भाजले. दोघांपैकी एक नसता तर ते यंत्र झाले नसते, असे राजसनेच कितीदा तरी त्या चहाच्या गाडीपाशी म्हटले होते म्हणे.

मंगळवारीच दुपारी गुरु आला. वसतिगृहातून तो राजसला बॅगा भरायला मदत करायला येत होता. त्याने मान वर केली, वाचले, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचले. मग त्याची नजर राजसच्या खांद्यावर गेली. आपला हात ओळखायला माणसाला किती वेळ लागतो? मला वाटले होते क्षणही लागत नसेल. त्याला पुष्कळ लागला. ओळख पटल्यावर त्याने आपला उजवा हात खिशात घातला आणि तो गल्लीत न शिरता परत फिरला. कोणाला काही बोलला नाही. तो मुळातच कमी बोलणारा मुलगा. असल्या मुलांचे गप्प बसणे लोक फार लवकर संमतीत जमा करतात.

आता तुम्ही म्हणाल, एका फ्लेक्सवर नाव नाही म्हणून काय बिघडले? मीही तसेच म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण गुरुवारी सिद्धाराम माझी सैल झालेली दोरी आवळायला आला आणि गुरु त्याला खालच्या चहाच्या गाडीपाशी दिसला. दोघांची ओळख नव्हती. सिद्धारामने शिडीवरून आधी त्याच्या अंगठ्याशी असलेला डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिले आणि तो शिडीवरून खाली उतरला.

"तूच व्हय तो?" तो म्हणाला. "मी कापला तुला. माहीत नव्हतं रे मला."

तेव्हा गुरुने जे सांगितले त्याने माझा धागान्धागा जळाला. अक्कलकोट रस्त्याला बसवराजअण्णांचा टॉवेलचा कारखाना होता. एक तारखेपासून तिथल्या दोन मागांवर हे यंत्र बसवायचे आणि ते सांभाळायला गुरुने कामाला लागायचे, असे ठरले होते. बुधवारी अण्णा गाडीतून माझ्यासमोरून गेले. संध्याकाळी त्यांनी गुरुला बोलावून विचारले, की यंत्र तर त्या पोराने एकट्याने केले आहे म्हणतात, मग तुझा त्यात काय संबंध? गुरुने सांगितले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, की कोणी काहीही म्हणेल. त्या पोराच्या तोंडून ऐकतो, मग बघू. राजस रविवारी निघणार होता.

"अर्जात त्यानं काय लिवलं होतं?" सिद्धारामने विचारले.

"दोघांची नावं," गुरु म्हणाला. "मी स्वतः वाचलाय तो अर्ज."

मित्रांनो, हे ऐकून मी वाऱ्याशिवाय फडफडलो. हजारो मैलांवरच्या परक्या विद्यापीठाला सत्य माहीत होते. तिथे ते सांगायला राजसला संकोच वाटला नव्हता. खोटे तेवढे आपल्या गल्लीसाठी राखून ठेवले होते! ज्या लोकांत आपण वाढलो, त्यांनाच खरे सांगायची एवढी भीती का वाटावी?

सिद्धारामने सांगितले, की तो स्वखर्चाने गुरुचा चेहरा छापून माझ्यावर चिकटवून देईल. गुरुने नको म्हटले. तो एवढेच म्हणाला, "ज्यानं गप्प राहून चेहरा काढला, त्यानं बोलून परत ठेवावा." त्याने राजसला फोनही केला होता. राजसने सगळे मान्य केले. काका ऐकत नाहीत, चार दिवसांचा फ्लेक्स आहे, मनावर घेऊ नकोस, अण्णांकडे मी शनिवारी जाऊन येतो, असे तो म्हणाला. शनिवारी मी त्याला तीन वेळा माझ्याखालून जाताना पाहिले. एकदा तो बॅगेचे कुलूप आणायला गेला, एकदा केस कापायला, एकदा नातेवाइकांना आणायला स्टेशनवर. अक्कलकोट रस्ता उलट्या दिशेला आहे.

रविवारी चार वाजता माझ्याच पायाशी सत्कार झाला. खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईला विमानतळावर नेणारी गाडी हार घालून उभी होती. सोलापुरी चादर आणि नारळ देऊन राजसचा गौरव करण्यात आला. काकांनी बसवराजअण्णांनाही बोलावले होते, आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. तीन भाषणे झाली, आणि तिन्हींत 'एकट्याने' हा शब्द आला. वक्ते माझ्याकडे पाहून बोलत होते. प्रत्येक वेळी मी राजसकडे पाहिले. प्रत्येक वेळी त्याने हारातली पाकळी चुरगळली.

तिसरे भाषण संपता संपता गुरु आला. त्याच्याबरोबर त्याची आई होती, सावित्रम्मा. कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीहून एसटीने आली होती. हातात फडक्यात बांधलेले मोठे गाठोडे होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिना महिना टिकते. परमुलखात जाणाऱ्या पोराला तीच द्यायची, ही तिच्याकडची रीत. राजस सुटीत कितीदा तिच्या घरी जेवला होता. फ्लेक्सची गोष्ट गुरुने तिला सांगितली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ती मागच्या रांगेत बसली आणि इकडे तिकडे पाहता पाहता तिने माझ्याकडे पाहिले.

सावित्रम्माची शाळा कन्नडमधून, तीही दुसरीपर्यंत. माझ्यावरचा मजकूर तिच्यासाठी नव्हताच. म्हणूनच बहुधा तिला जे दिसायचे तेच दिसले. ती उठली, खुर्च्यांच्या मधून सरळ माझ्यापाशी आली आणि तिने छापलेल्या खांद्यावर बोट ठेवले.

"ह्यो हात माझ्या लेकाचा हाय," ती म्हणाली. "पोरगं कुटं हाय?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. हरवलेली वस्तू विचारावी तसे तिने विचारले. गोपाळकाका हसत पुढे आले आणि म्हणाले, छपाईत थोडी गडबड झाली आहे, वहिनी, तुम्ही बसा. सिद्धाराम गर्दीत उभा होता. "छपाईत काय गडबड न्हाई झाली," तो म्हणाला, पण हळू. पहिल्या रांगेपर्यंत ते गेले नाही.

राजस उठून गुरुजवळ आला. दोघे माझ्या अगदी खाली उभे होते, म्हणून मला ऐकू आले. राजस त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, की मी चुकलो, मला माफ कर. ती क्षमायाचना खरी होती, हे मी आजही अमान्य करीत नाही.

"मोठ्यानं म्हण की," गुरु म्हणाला.

चार वर्षांत त्याने मित्राकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. राजसने काकांकडे पाहिले. अण्णांकडे पाहिले. मग ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि तो म्हणाला, "माझा मित्र गुरु इथं आला आहे. या यंत्रात त्यानं मला खूप मदत केली."

टाळ्या वाजल्या. लोकांना हायसे वाटले. काकांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

मदत! मित्रांनो, उघड खोट्यापेक्षा मला त्या शब्दाचा जास्त संताप आला. चेहरा कापला तेव्हा निदान हात उरला होता. या शब्दाने तोही कापला. गुरु इतकेच म्हणाला, "मदत नाही, राजस." ते राजसलाच ऐकू गेले. अण्णा उठून आपल्या गाडीकडे निघाले होते. जाता जाता ते कोणाला तरी म्हणाले, की मदतनीस काय, गल्लोगल्ली मिळतात.

आणि मग निरोपाची घाई झाली. ज्या निरोपासाठी गुरु आठवडाभर जागोजाग मनातल्या मनात बोलत फिरत होता, तो निरोप गाडीच्या दारात, बॅगांच्या आणि नातेवाइकांच्या रेट्यात उरकला. गुरुने हात पुढे केला नाही. सावित्रम्माने मात्र गाठोडे गाडीत ठेवले. तिला सगळे कळून चुकले होते, तरी ठेवले. "खा," ती राजसला म्हणाली. "भाकरीचा काय दोस हाय त्यात?" राजसने ते गाठोडे मांडीवर घेतले आणि मान खाली घातली. गाडी गेली. मी तिथेच, ताठ, कोरड्या रंगांत, खोटे सांगत उभा राहिलो.

नवव्या दिवशी जर्मनीहून राजसने बसवराजअण्णांना फोन केला आणि अर्धे यंत्र गुरुचे आहे, किंबहुना अर्ध्याहून जास्त, असे सांगितले. अण्णांनी शब्द पाळला. गुरु कामाला लागला. हे चांगलेच झाले. पण तो फोन दोन माणसांनी ऐकला. मी त्यानंतरही महिनाभर गल्लीच्या तोंडावर होतो. मला कोण कोण वाचून गेले, त्याची मोजदाद कोणी ठेवली? पुढे दोन मागांचे चाळीस माग झाले, आणि कामगार त्या यंत्राला काय म्हणू लागले असतील? त्यांच्याही मोबाइलवर माझा फोटो पोहोचला होता. ते त्याला 'राजस' म्हणू लागले. सकाळी गुरु आत शिरला, की एखादा कामगार हाक मारी, की सातव्या मागाचा राजस बसवून दे. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांच्या लेखी ते वस्तूचे नाव होते. गुरु पाने-पकड घेऊन जाई आणि बसवून देई.

नवरात्राची कमान उभारायची म्हणून मला उतरवले गेले. गोपाळकाकांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. सिद्धारामने मला गुंडाळून गुरुच्या हवाली केले आणि म्हणाला, निदान कडब्यावर टाकायला होईल. अशा रीतीने मी एसटीच्या टपावरून मैंदर्गीला आलो. गुरुच्या शेतात जोंधळ्याच्या कडब्याची गंज होती. सावित्रम्माने मला तिच्यावर पसरले. "त्वांड आत कर त्याचं," ती म्हणाली. तेव्हापासून माझी छापील बाजू कडब्याकडे आणि पांढरी पाठ आभाळाकडे आहे. खरे सांगू? पुन्हा कोरे झाल्यासारखे वाटले. इथे माझा उपयोग होतो. जनावरांचा चारा माझ्यामुळे कोरडा राहतो. पण आतल्या अंधारात ती अक्षरे अजून आहेत, हे मला विसरता आले नाही.

गेल्या डिसेंबरात राजस भारतात आला आणि मैंदर्गीलाही आला. त्याचे गुरुशी फोनवर बोलणे होत असे. गुरुने त्याला केव्हाच माफ केले होते. मी केले नव्हते. दोघे गंजीपाशी उभे होते. दोरीचे टोक सुटले होते म्हणून राजसने माझी कड उचलली, आणि त्याला आत स्वतःचा चेहरा दिसला. ओलीने त्यावर डाग पडले होते. कड धरूनच त्याने विचारले,

"हे अजून ठेवलंयस?"

"गळत नाही," गुरु म्हणाला.

"जाळून टाक रे. मी नवा छापून देतो. एवढाच मोठा. दोघांचा फोटो, तुझं नाव आधी. त्याच जागी लावू."

गुरुने दोरी ओढून गाठ मारली. मग तो म्हणाला, "फ्लेक्स नको. कारखान्यात चल. तिथं सांग."

"सांगतो की. कधी जाऊ या?"

"चालू मागांत सांगून उपयोग नाही. काही ऐकू येत नाही. चाळीसही माग थांबवून सांगावं लागेल."

"अण्णा थांबवतील?"

"ते मी विचारतो. तू काय सांगणार ते बोल. मदत म्हणणार असशील तर माग चालूच राहू देत."

राजस पूर्वी दुकानाच्या दारात उभा होता तसाच उभा राहिला, आणि मला वाटले, याचे मौन पुन्हा एकदा कोणीतरी सोयीने वाचणार. पण इथे सोयीने वाचणारे कोणी नव्हते. गुरु त्याच्याकडे पाहत थांबला होता. शेवटी राजस म्हणाला, "तू विचार अण्णांना." दोघे मोटारसायकलवरून सोलापूरला गेले.

तो आठवडा मला फार मोठा वाटला. रविवारी गुरु घरी आला तेव्हा सावित्रम्मा गंजीतून पेंढी ओढत होती. तिने पेंढी हातात धरूनच विचारले, की सांगितले का त्याने.

"माग थांबले, अव्वा," गुरु म्हणाला. "सगळे."

मग त्याने सांगितले, की राजस मधोमध उभा राहिला आणि फोटो कोणी कापला, कापताना आपण कसे गप्प होतो, सत्काराला मदत हा शब्द का वापरला, सगळे बोलला. यंत्र दोघांचे आहे आणि ते चालते ते गुरुमुळे, हेही बोलला. तो बोलून संपला तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा कामगार म्हणाला, की मला काही ऐकू आले नाही, परत सांगा. राजसला सगळे पहिल्यापासून परत सांगावे लागले. सावित्रम्मा हे ऐकून हसली, आणि पेंढी घेऊन गोठ्याकडे गेली. यंत्राला कारखान्यात अजून राजसच म्हणतात, हे गुरुने तिला सांगितले नाही. ते तो मागे राहून दोरी तपासताना स्वतःशीच पुटपुटला.

मित्रांनो, मला जपा, मला धुऊन पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी प्लास्टिकचा आहे. तुम्हांला नको असेन तरी मी बराच काळ असणार आहे, आणि माझ्यावरची अक्षरेही असणार आहेत. म्हणून मला छापण्याआधी विचार करा. दूर जाणाऱ्या मित्राला निरोप देताना आणि मागे राहणाऱ्या मित्राचा निरोप घेताना, ज्याचे श्रेय त्याच्या पदरात टाका. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर ती जेवढ्या उंचीवर टांगली असेल तेवढ्याच उंचीवर चढून उतरवा. कानात सांगून मोकळे होऊ नका. माग थांबवा, सांगा, आणि मागच्या रांगेत ऐकू गेले का, ते विचारून घ्या.